पाळीची बस : कंपनीच्या गाडीमागचे गणित आणि कायदा

पहाटे पाचच्या सुमारास अलिबाग–वडखळ रस्त्यावर कंपन्यांच्या बसगाड्या धावताना दिसतात. पुढच्या काचेवर कंपनीच्या नावाची पाटी, आतले दिवे मालवलेले आणि बहुतेक प्रवासी मान टाकून झोपलेले. पोयनाडला किंवा एखाद्या फाट्यावर डबा घेऊन उभ्या असलेल्या एकट्या माणसासाठी ही बस थांबते. तिथेच एसटीची वाट पाहत ताटकळलेल्या चार जणांना मात्र ती घेत नाही, मग आत निम्म्या जागा रिकाम्या का असेनात. एका माणसासाठी एवढी मोठी गाडी पाठवणे कंपनीला परवडते कसे? रस्त्यावरच्या माणसाला घ्यायला हरकत कुणाची असते? आणि या बसला अपघात झाला तर तो रस्त्यावरचा अपघात म्हणायचा की कामावरचा? ही व्यवस्था आतून कशी चालते हे पाहिले की तिन्ही प्रश्न सुटतात.

न थांबणारे कारखाने

रायगडच्या किनारपट्टीवरचे मोठे उद्योग चोवीस तास चालणारे आहेत. थळचा आरसीएफचा खतप्रकल्प मुंबई हायमधून उरणमार्गे येणाऱ्या वायूपासून अमोनिया आणि युरिया तयार करतो. धरमतर खाडीकाठी डोलवीला पोलादाचा कारखाना आहे. पूर्वी तो इस्पातचा होता, २०१० च्या अखेरीस जेएसडब्ल्यूने घेतला. नागोठण्याचा आयपीसीएलचा प्रकल्प २००२ पासून रिलायन्सकडे गेला. उरणला ओएनजीसी आहे आणि त्याच तालुक्यात २६ मे १९८९ रोजी सुरू झालेले न्हावा-शेवा बंदर. अमोनियाचा प्रकल्प एकदा पूर्ण बंद केला तर तो पुन्हा क्षमतेने चालू व्हायला लागणारा वेळ तासांत नव्हे, दिवसांत मोजतात. झोतभट्टी संध्याकाळी विझवून सकाळी पेटवता येत नाही. बंदरात जहाज लागले की उभे राहण्याचा प्रत्येक तास पैशांत मोजला जातो.

अशा ठिकाणी माणसांची वाटणी साध्या भागाकाराने ठरते. आठवड्याचे तास १६८. कारखाने कायदा, १९४८ प्रमाणे एका कामगाराकडून आठवड्याला जास्तीत जास्त ४८ तास काम घेता येत असे आणि नव्या श्रमसंहितेतही ही मर्यादा कायम आहे. १६८ ला ४८ ने भागले की साडेतीन येतात. माणसांचा अर्धा गट करता येत नाही, म्हणून गट चार होतात. तीन गट पहिली, दुसरी आणि रात्रपाळी सांभाळतात, चौथा साप्ताहिक सुट्टीवर असतो आणि हे चक्र फिरत राहते. प्रत्येकाच्या वाट्याला आठवड्याला सरासरी ४२ तास येतात.

या साखळीतला नाजूक क्षण पाळी बदलण्याचा. कंट्रोल रूममधला ऑपरेटर सहा वाजले म्हणून खुर्चीवरून उठू शकत नाही. त्याचा रिलिव्हर यावा लागतो. कोणता पंप दुरुस्तीला काढला आहे, कुठला दाब वर-खाली होतो आहे, हे त्याला सांगून लॉगबुकात नोंद करून चार्ज द्यावा लागतो. अखंड हरिनाम सप्ताहात वीणा खाली ठेवायची नसते. पहाऱ्याची वेळ संपली तरी पुढचा पहारेकरी येऊन वीणा हातात घेईपर्यंत आधीच्याने उभेच राहायचे असते. प्रोसेस प्लांटमधली पाळी याच नियमाने चालते.

म्हणून चाळीस जणांची बस वडखळला अडकली की तेवढीच माणसे आत खोळंबतात. आठ तास काम करून थकलेला ऑपरेटर नववा, दहावा तास खुर्चीवर काढतो. ठरलेल्या तासांपुढचे काम कायद्याने दुप्पट दराचे, त्यामुळे कंपनीचा खर्च वाढतो. पैशापेक्षा गंभीर बाब अशी की दमलेला माणूस धोकादायक यंत्रणेपुढे बसून राहतो. कारखान्यात वायू, पाणी आणि वीज वेळेवर पोचावी यासाठी जी तजवीज असते, तीच माणसे पोचवण्यासाठीही लागते. कंपनीच्या बसला कल्याणकारी सवलतींच्या यादीत बसवले जाते, पण खरे पाहता ती उत्पादनयंत्रणेचाच एक भाग आहे.

गाव एकीकडे, गेट दुसरीकडे

माणसे कारखान्याजवळच राहिली असती तर बसचा प्रश्न आला नसता. मुंबईच्या गिरण्यांचा कामगार गिरणीच्या भोंग्याच्या टप्प्यातल्या चाळीत राहत होता आणि चालत पाळीवर जात होता. रायगडमध्ये प्रकल्पांनी वसाहती बांधल्या. आरसीएफची अलिबागजवळ कुरुळला आहे, बंदराची शेव्याला, इस्पातची डोलवीला. पण वसाहतीत राहायला गेले ते मुख्यतः बाहेरगावाहून आलेले अधिकारी आणि कर्मचारी. स्थानिक कामगार आपल्या गावातच राहिला. त्याचे घर, उरलीसुरली भातखाचरे, नारळी-पोफळीची वाडी, म्हातारे आईवडील, गावकीतले स्थान सगळे तिथेच होते. अनेकांना नोकरी मिळाली तीच जमीन दिल्याबद्दल, प्रकल्पग्रस्त म्हणून. उरण परिसरातल्या शेतकऱ्यांनी जमिनीच्या मोबदल्यासाठी दि. बा. पाटील यांच्या नेतृत्वाखाली जो लढा दिला, त्यात १६ आणि १७ जानेवारी १९८४ रोजी गोळीबारात पाच जणांचे बळी गेले. एवढी किंमत मोजून टिकवलेले गाव नोकरीसाठी सोडायला कोण तयार होईल?

परिणामी एकाच पाळीचे कामगार रेवदंडा, चौल, नागाव, चोंढी, पोयनाड, गडब, पेण अशा लांबलांबच्या गावांत विखुरलेले असतात. त्यांना जोडणारी सार्वजनिक वाहतूक दिवसाची आहे. अलिबागला प्रवासी रेल्वे नाही. गेटवे–मांडवा बोटी पावसाळ्यात बंद असतात. मोरा–भाऊचा धक्का लाँच भरती-ओहोटी पाहून चालते. बेलापूर–उरण रेल्वेमार्ग १२ जानेवारी २०२४ रोजी उरणपर्यंत पूर्ण झाला आणि त्या तालुक्याची मोठी सोय झाली, पण लोकलही रात्री काही तास बंद असते. मिनीडोअर आणि विक्रम रिक्षा रात्री उशिरा मिळेनाशा होतात. एसटीचा मासिक पास स्वस्त पडतो, वीस दिवसांच्या भाड्यात तीस दिवस प्रवास होतो. मात्र एसटीचे वेळापत्रक शाळा, कचेऱ्या आणि बाजार यांच्या वेळांभोवती रचलेले असते. पहाटे साडेपाचला कारखान्याच्या गेटवर माणूस उभा करणे हा तिचा हेतू कधीच नव्हता.

गेटपासून उलटे मोजत यायचे

पाळीच्या बसचे वेळापत्रक सुटण्याच्या जागेपासून सुरू होत नाही, गेटपासून मागे मोजत येते. एक नमुना घेऊ. डोलवीला सहाची पहिली पाळी आहे आणि बस रेवदंड्याहून निघणार आहे. सहाला चार्ज घ्यायचा म्हणजे पंचिंग, कपडे बदलणे, हेल्मेट-बूट चढवणे आणि विभागापर्यंत चालत जाणे यासाठी पंचवीस मिनिटे हवीत. म्हणजे बस पाच पस्तीसला गेटवर आली पाहिजे. वाटेत काही घडले तर हाताशी असावीत म्हणून पंधरा मिनिटे राखून ठेवायची, की वेळ झाली पाच वीस. रेवदंडा ते अलिबाग आणि पुढे वडखळजवळच्या डोलवीपर्यंतचे अंतर सुमारे चाळीस किलोमीटर. थांबे धरून ताशी तीस किलोमीटरची सरासरी पडली तर एक तास वीस मिनिटे लागतात. पाच वीसमधून ती वजा केली की चार वाजतात.

रेवदंड्याचा कामगार चार वाजता बसमध्ये बसतो, म्हणजे सव्वातीनला उठतो. पोयनाडचा कामगार त्याच बसमध्ये पाचच्या सुमारास चढतो. दोघांची पाळी एक, पगार एक, पण एकाची झोप रोज तासभर कमी. दुपारी दोनला सुटून बस दोन वीसला निघाली तर रेवदंड्याचा माणूस तीन चाळीसला घरी पोचतो. आठ तासांच्या कामासाठी तो अकरा तास चाळीस मिनिटे घराबाहेर असतो. कारखाने कायद्यात कामाचा दिवस विश्रांतीसह साडेदहा तासांपेक्षा जास्त लांबवता येणार नाही अशी तरतूद होती, पण ती कारखान्यातला वेळ मोजत असे. बसमधला वेळ कुठल्याच रकान्यात येत नाही.

थांबे कुठे द्यायचे हा युनियन आणि व्यवस्थापन यांच्यातला न संपणारा विषय. समजा, मुख्य रस्त्यापासून दोन किलोमीटर आत असलेल्या गावातला एक कामगार म्हणतो, बस गावात आणा. जाऊन-येऊन चार किलोमीटर म्हणजे दहा मिनिटे. बसमध्ये तीस जण असतील तर सगळ्यांचे मिळून पाच तास खर्ची पडतात आणि एका माणसाचे अर्ध्या तासाचे चालणे वाचते. हिशेबाने पाहिले तर फाट्यावरच थांबावे. पण रात्री साडेअकराला, आषाढातल्या पावसात, दिवे नसलेल्या रस्त्याने दोन किलोमीटर चालायचे कुणी, हे हिशेबात मांडता येत नाही. पुष्कळ ठिकाणी मधला मार्ग निघतो: येताना फाटा, रात्री परतताना गाव. तो शहाणपणाचा आहे.

मोठ्या बसबरोबर लहान गाड्याही याच कारणाने लागतात. जनरल शिफ्टला, म्हणजे सकाळी जाऊन संध्याकाळी परतणाऱ्या पाळीला, माणसे जास्त असतात आणि मोठी बस भरते. रात्रपाळीला कमी माणसे, पण तितकीच विखुरलेली. तरीही पाळीच्या बसचा एक फायदा आहे. जनरलची बस कामगारांना सोडून रिकामी उभी राहते; पाळीची बस येणाऱ्यांना उतरवून जाणाऱ्यांना घेते. पहाटे अर्धी रिकामी दिसलेली बस सव्वासहानंतर रात्रपाळी सुटलेल्यांना घेऊन त्याच रस्त्याने परत येते. रस्त्यावरून पाहणाऱ्याला तिची एकच बाजू दिसते.

सगळ्यात मोठी अनिश्चितता रस्त्याची. वडखळ नाक्यावर मुंबई–गोवा महामार्ग आणि अलिबागचा रस्ता एकत्र येतात. शनिवार-रविवारी पर्यटकांच्या गाड्या अलिबागकडे लोटतात. गणपतीत चाकरमान्यांची रीघ लागते, आणि त्या दिवसांत महामार्गावर अवजड वाहनांना बंदी घातली तरी कोंडी सुटत नाही. पनवेल ते इंदापूर या टप्प्याचे रुंदीकरण २०११ पासून रेंगाळले. खड्डे आणि वळणरस्ते यांनी वर्षानुवर्षे बसचे वेळापत्रक बिघडवले. उरणच्या बाजूला कंटेनर ट्रेलरच्या रांगा असतात. म्हणून अनुभवी ट्रान्सपोर्ट सुपरवायझर एकच वेळापत्रक बाळगत नाही. पावसाळ्याचे वेगळे, सुट्टीच्या दिवसांचे वेगळे, गणपतीचे वेगळे. राखीव पंधरा मिनिटांची कधी तीस होतात, कधी पंचेचाळीस, आणि तेवढी कामगाराची झोप जाते.

चालकाचेही तास असतात

वरच्याच नमुन्यातली बस दिवसात तीन फेऱ्या करते. पहिली पहाटे चार ते सात चाळीस, दुसरी दुपारी बारा ते तीन चाळीस, तिसरी रात्री आठ ते अकरा चाळीस. मधल्या थांबण्यासह प्रत्येक फेरी तीन तास चाळीस मिनिटांची, म्हणजे एकूण अकरा तास. पहिल्या फेरीच्या आरंभापासून शेवटच्या फेरीच्या अखेरीपर्यंत जवळजवळ वीस तास. मोटार परिवहन कामगार कायदा, १९६१ ने चालकाला दिवसाला आठ आणि आठवड्याला ४८ तासांची मर्यादा घातली होती, आणि कामाचा एकूण पसारा बारा तासांपेक्षा लांबू नये असे म्हटले होते. म्हणून एका बसला किमान दोन चालक लागतात आणि सुट्टीसाठी बदली चालक वेगळा.

बस ठेक्याने घेताना सगळ्यात कमी दर देणाऱ्याला काम मिळते. डिझेल, टायर, विमा आणि कर यांत ठेकेदाराला फार काटकसर करता येत नाही. उरतो चालक. दर संशयास्पदरीत्या कमी असेल तर एकाच चालकाकडून तिन्ही फेऱ्या करून घेतल्या जात नाहीत ना, हे कंपनीने आणि युनियनने सर्वांत आधी पाहायला हवे. चाळीस झोपलेल्या माणसांपुढे स्टिअरिंगवर बसलेला तो एकच माणूस जागा असायला हवा.

बस, भत्ता की पगारवाढ?

पुरुष कामगारांसाठी बस द्यावीच अशी सक्ती कारखाने कायद्यात कधीच नव्हती. २५० पेक्षा जास्त कामगार असतील तर कँटीन, दीडशेपेक्षा जास्त असतील तर विश्रांतीची खोली, ठरावीक संख्येने महिला असतील तर पाळणाघर हे कायद्याने लागायचे. वाहतुकीचा मात्र उल्लेख नव्हता. बस येते ती वेतनकरारातून किंवा वर्षानुवर्षांच्या प्रथेतून. पण एकदा आली की व्यवस्थापनाच्या मर्जीने रातोरात जात नाही. औद्योगिक विवाद कायद्याच्या चौथ्या अनुसूचीत रूढ सवलत काढून घेणे हा सेवाशर्तींतला बदल मानलेला होता आणि अशा बदलासाठी २१ दिवसांची नोटीस द्यावी लागत असे. नव्या औद्योगिक संबंध संहितेतही ही नोटीस आहे.

बसऐवजी रोख भत्ता द्यावा, ही मागणी कधी व्यवस्थापनाकडून येते, कधी मोटारसायकल असलेल्या तरुण कामगारांकडून. फरक समजून घ्यावा असा आहे. कंपनीच्या वाहनाने घर ते कामाची जागा असा प्रवास केला तर त्याची किंमत प्राप्तिकरासाठी कामगाराचे उत्पन्न धरली जात नाही. रोख वाहतूक भत्त्याला पूर्वी महिना १,६०० रुपयांपर्यंत करसूट होती. २०१८ च्या अर्थसंकल्पाने ती काढून ४०,००० रुपयांची प्रमाणित वजावट आणली. बस आणि भत्ता या दोन्ही सवलती सहसा मूळ वेतनात धरल्या जात नाहीत, त्यामुळे त्यांच्या आधाराने भविष्य निर्वाह निधी किंवा ग्रॅच्युइटी वाढत नाही. मोठा फरक जोखमीचा आहे. डिझेल महागले, रस्ता खराब झाला, एसटीचा संप झाला तर बस असताना तो त्रास कंपनीचा असतो आणि भत्ता घेतला की कामगाराचा. भत्त्याचा आकडा करारात गोठतो, पेट्रोलचा दर गोठत नाही.

फ्रान्सने वेगळी वाट धरली. तिथे १९७१ मध्ये पॅरिस परिसरात मालकांवर वाहतूक कर बसवला गेला आणि पुढे तो इतर शहरांत पसरला. कंपन्यांचा पैसा सार्वजनिक वाहतुकीत जातो आणि तिचा उपयोग कामगाराबरोबर सगळ्यांनाच होतो. शिवाय मासिक पासाचा अर्धा खर्च मालकाने द्यायचा असतो. आपल्याकडे कंपनीचा पैसा कंपनीच्या बसमध्येच राहतो. एकाच रस्त्यावरून तीन कंपन्यांच्या अर्ध्या रिकाम्या बस मागेपुढे धावतात आणि एसटीचा थांबा तसाच ताटकळत राहतो.

रिकामी बस थांबत का नाही

याचे उत्तर परवान्यात आहे. मोटार वाहन कायदा, १९८८ प्रवासी वाहनांचे प्रकार पाडतो. एसटी ही टप्पा वाहतूक आहे: वाटेत कुठेही प्रवासी घ्यावा, उतरवावा आणि प्रत्येकाकडून वेगळे भाडे घ्यावे. कंपनीच्या मालकीची बस खाजगी सेवा वाहन ठरते. ती मालकाने आपल्या व्यवसायासाठी माणसे नेण्यापुरती वापरायची असते, भाड्याने नव्हे. ठेकेदाराची बस कंत्राटी वाहतुकीत मोडते. संपूर्ण गाडी एका करारावर ठरलेली असते आणि वाटेत सुटे प्रवासी घेण्याची तिला मुभा नसते. चालकाने दयेपोटी कुणाला घेतले आणि अपघात झाला, तर त्या प्रवाशाच्या विम्यावरून वाद उभा राहतो आणि परवान्याच्या अटी मोडल्याचा ठपका येतो. चालक आडमुठा म्हणून थांबत नाही असे नाही. थांबणे त्याच्या हातात ठेवलेलेच नाही.

कायद्याला गरज पडली तर दार उघडता येते. नोव्हेंबर २०२१ मध्ये एसटी कर्मचाऱ्यांच्या संपामुळे गाड्या थांबल्या, तेव्हा राज्य सरकारने खाजगी बस, शाळेच्या बस आणि कंपन्यांच्या बस यांना प्रवासी वाहतुकीची तात्पुरती परवानगी दिली होती.

रात्रपाळी आणि झोप

मोटारसायकल हाताशी असताना बस कशाला, या प्रश्नाचे उत्तर शरीराच्या घड्याळात आहे. पहाटे तीन ते पाच या वेळेत शरीराचे तापमान उतरलेले असते आणि सावधपणा दिवसभरातला सर्वांत कमी असतो. रात्रपाळीच्या पहिल्या दिवशी कामगार बहुधा दुपारी थोडा पडतो, पण खरी झोप लागत नाही. दुपारी एकला उठलेला माणूस सकाळी सव्वासहाला गेटबाहेर पडतो तेव्हा सव्वासतरा तास जागा असतो. डॉसन आणि रीड या संशोधकांनी १९९७ मध्ये 'नेचर'मध्ये दाखवून दिले की सलग १७ तास जागे राहिल्यावर हातांचा आणि लक्षाचा ताळमेळ रक्तात ०.०५ टक्के मद्य असलेल्या माणसाइतका बिघडतो. भारतात वाहन चालवण्यासाठी मद्याची मर्यादा १०० मिलिलिटर रक्तात ३० मिलिग्रॅम, म्हणजे ०.०३ टक्के आहे. दारूचा थेंबही न घेतलेला रात्रपाळीचा कामगार त्या मर्यादेपलीकडच्या अवस्थेत, ट्रेलरच्या गर्दीत, मोटारसायकल चालवत घरी जातो. डोळे उघडे असताना दोन-चार सेकंदांची डुलकी लागते आणि ती लागल्याचे त्यालाच कळत नाही. बसमध्ये हीच डुलकी निर्धोक असते.

अपघात झाला तर

कामावर जाता-येताना झालेला अपघात कामावरचा मानायचा का, हा प्रश्न न्यायालयांपुढे फार जुना आहे. १९५८ मध्ये सर्वोच्च न्यायालयापुढे सौराष्ट्रातल्या मिठागर कामगारांचे प्रकरण आले. काम संपवून सार्वजनिक होडीने खाडी ओलांडताना होडी बुडाली होती. न्यायालयाने म्हटले की कामाची जागा फाटकाबाहेर थोडी पुढेपर्यंत धरता येते, पण सार्वजनिक होडीत कामगार इतर प्रवाशांसारखाच असतो. भरपाई मिळाली नाही. १९६३ मध्ये मुंबईच्या बेस्टच्या चालकाचे प्रकरण आले. ड्युटी संपवून तो बेस्टच्याच दुसऱ्या बसने घरी जात असताना अपघातात गेला. चालकांना बसने फुकट ये-जा करू देण्यात सेवेचे हित आहे, हा प्रवास त्यांच्या कामाशी जोडलेला आहे, असे मानून न्यायालयाने भरपाई दिली. वाहन कुणाच्या व्यवस्थेतले आहे यावर सगळे फिरत होते.

कर्मचारी राज्य विमा कायद्यात हा धागा स्पष्ट शब्दांत आला. मालकाच्या संमतीने, मालकाने किंवा त्याच्या वतीने चालवलेल्या वाहनातून जाताना झालेला अपघात कामावरचा मानला जातो. कामगाराला त्याच वाहनाने जाण्याचे बंधन नव्हते, ही सबब चालत नाही. २०१० मध्ये कायदा दुरुस्त झाला आणि स्वतःच्या साधनाने कामावर जाता-येता झालेले अपघातही, वेळ, जागा आणि कामाशी संबंध दिसत असेल तर, त्यात आले. या विम्याला वेतनाची मर्यादा आहे, २०१७ पासून महिना २१,००० रुपये. त्यावरच्या कामगारांसाठी १९२३ चा भरपाई कायदा होता आणि त्यात अशी दुरुस्ती झालेली नव्हती.

ही पोकळी मराठवाड्यातल्या एका प्रकरणाने भरली. साखर कारखान्याच्या रखवालदाराची ड्युटी पहाटे तीन ते अकरा. २२ एप्रिल २००३ रोजी मोटारसायकलने कामावर जाताना कारखान्यापासून सुमारे पाच किलोमीटरवर अपघातात त्याचा मृत्यू झाला. उस्मानाबादच्या, म्हणजे आताच्या धाराशिवच्या, आयुक्तांनी कुटुंबाला ३,२६,१४० रुपये भरपाई दिली, उच्च न्यायालयाने ती रद्द केली. २९ जुलै २०२५ रोजी सर्वोच्च न्यायालयाने ती पुन्हा बहाल केली आणि म्हटले की कामाशी संबंध प्रस्थापित होत असेल तर १९२३ च्या कायद्यातही येण्याजाण्यातला अपघात धरावा. पहाटे तीनच्या पाळीसाठी त्या वेळी रस्त्यावर असलेला माणूस कशासाठी निघाला होता, याचा निराळा पुरावा तो काय हवा? पण त्याच्या घरच्यांना या उत्तरासाठी बावीस वर्षे थांबावे लागले. २१ नोव्हेंबर २०२५ पासून लागू झालेल्या सामाजिक सुरक्षा संहितेत हेच तत्त्व थेट लिहिलेले आहे.

> चौकट : पाळीवर जाणाऱ्याने जवळ ठेवायच्या गोष्टी
> पाळीपत्रकाचा फोटो. बसमार्ग आणि थांब्याची कंपनीने दिलेली यादी. विमा क्रमांक असलेले ईएसआय कार्ड किंवा कंपनीचे ओळखपत्र. नेहमीचा रस्ता कोणता हे घरच्यांना ठाऊक असू द्यावे. वाकडी वाट करून खाजगी कामाला गेल्यास कामाशी असलेला संबंध सिद्ध करणे अवघड जाते. अपघात लहान असला तरी पोलिसांत आणि टाइम ऑफिसात त्याच दिवशी नोंद करावी.

महिला आणि रात्रीचा दरवाजा

जुन्या कारखाने कायद्याने महिलांना संध्याकाळी सात ते सकाळी सहा या वेळेत कारखान्यात काम करण्यास मनाई होती. महाराष्ट्राने २०१५ च्या दुरुस्तीने संरक्षणाच्या अटींवर ती सैल केली. दुकाने व आस्थापना कायदा, २०१७ मध्ये रात्री साडेनऊनंतर काम करणाऱ्या महिलेची संमती घ्यावी आणि तिला घराच्या दारापर्यंत पोचवण्याची व्यवस्था करावी असे स्पष्ट लिहिले आहे. "दारापर्यंत" या अटीमागे कटू अनुभव आहे. नोव्हेंबर २००७ मध्ये पुण्यात रात्रपाळीला निघालेल्या एका बीपीओ कर्मचारी तरुणीची, तिला नेण्यासाठी आलेल्या गाडीच्या चालकानेच साथीदारासह हत्या केली होती. त्यानंतर चालकांची पडताळणी, गाडीत सुरक्षारक्षक, शेवटी उतरणारी प्रवासी एकटी महिला नसणे असे नियम कंपन्यांत आले. कारखान्यांच्या बससाठीही हे नियम तितकेच लागतात. फाट्यावर सोडून निघून जाणारी बस महिलेसाठी व्यवस्था म्हणता येत नाही.

ठेकेदाराचा कामगार

बसमध्ये कोण बसतो यापेक्षा कोण बसत नाही हे जास्त महत्त्वाचे आहे. मोठ्या कारखान्यांत आज लोडिंग, सफाई, देखभाल, पॅकिंग अशी कामे ठेकेदारांचे कामगार करतात. पाळ्या त्याच, गेट तेच, रस्ता तोच. पण बस वेतनकरारातून आलेली असते आणि करार कायम कामगारांच्या युनियनशी झालेला असतो. त्यामुळे ठेक्यावरच्या कामगाराला बस मिळतेच असे नाही. मिळाली नाही की तो दोघे-तिघे मिळून एका मोटारसायकलवर, टेम्पोच्या हौद्यात किंवा मागून येणाऱ्या ट्रकला हात दाखवून पाळी गाठतो. १९७० च्या कंत्राटी कामगार कायद्याच्या नियमांत, कायम कामगारासारखेच काम करणाऱ्या कंत्राटी कामगाराला सेवाशर्ती सारख्याच असाव्यात असे म्हटले होते. प्रत्यक्षात "सारखे काम" सिद्ध करण्यातच प्रकरणे अडकत गेली.

कमी पगाराच्या, जास्त दमवणाऱ्या कामावरच्या माणसाने सर्वांत धोकादायक वाहनाने पहाटेचा रस्ता कापावा आणि त्याच रस्त्यावरून रिकाम्या जागांची बस पुढे निघून जावी, हे अन्यायाचे आहे. यासाठी नवा कायदा येण्याची वाट पाहायला नको. कंपनीच्या ठेकेदाराचा कामगारही कंपनीच्याच कामासाठी प्रवास करतो, त्यामुळे परवान्याची अडचण सोडवता येण्याजोगी आहे. कामाचा ठेका देताना निविदेतच त्या कामगारांची ने-आण नमूद करावी, बसच्या करारात त्यांची संख्या धरावी, आणि पुढच्या वेतनकराराच्या मागणीपत्रात कायम कामगारांच्या युनियनने ही मागणी आपली म्हणून मांडावी.